भाऊसाहेबांच्या गाडीची पाटी

सूतगिरणीवाले भाऊसाहेब म्हणजे बडं प्रस्थ! त्यांची स्पोर्ट्स गाडी अडीचशेनं पळायची, अन् मागं बसून ते ओरडायचे, "दाब, गजाबा!" टायर झिजले तेव्हा मात्र त्यांनी सगळ्यांत स्वस्त टायरवर बोट ठेवलं.

दुकानदार म्हणाला, "हे दीडशेच्या वर फुटतील, साहेब."

"गप बसव! गोल ते सगळे सारखेच."

स्टिअरिंगवर बसायचा ड्रायव्हर गजाबा; टायर फुटला तर जीव पहिला त्याचाच जाणार. तो हात जोडून म्हणाला, "बसवूया की! फक्त ट्रकच्या पाठीवर असते तशी ‘वेगमर्यादा दीडशे’ ही पाटी रंगवून घेऊ. पेंटर समोरच बसलाय. गावाला कळू दे, भाऊसाहेबांची गाडी कितीला दमते!"

भाऊसाहेबांनी मिशी चाचपली. "ए, भारीतले चार काढ!"

गजाबानं सुस्कारा सोडला, अन् काहीच न केलेल्या पेंटरला चहा पाजला.