ते जाळं टिपीचं नव्हतं

"ते जाळं माझं नाही."

टिपी सांगून सांगून दमली. कोणी ऐकलं का? नाही ऐकलं.

टिपी म्हणजे एवढीशी कोळीण. तिळाएवढी. खिडकीच्या कोपऱ्यात तिचं घर. छान, गोल जाळं.

तिथंच मोगऱ्याची कुंडी. एक दिवस मोगऱ्याची पानं पिवळी पडली. पानांवर जाळं दिसलं. घरातली शेवंतामावशी म्हणाली, जाळं आहे म्हणजे टिपीच असणार. दुसरं कोण?

घेतला कुंचा. सर्र! टिपीचं घर गेलं.

टिपी निघाली. तुरू तुरू तुरू.

"मोगऱ्या, मोगऱ्या, खरं सांग. ते जाळं कोणाचं?"

मोगरा म्हणाला, "अंगाला नुसती खाज. खाजवू की बोलू? पाण्याचा फवारा उडू दे, मग बोलीन."

टिपी निघाली. तुरू तुरू तुरू.

"फवाऱ्या, फवाऱ्या, उड ना. मोगरा बोलेना, टिपीला घर मिळेना."

फवारा म्हणाला, "मी काय आपला आपण उडतो? मावशी पानं बघू दे, मग उडेन."

टिपी निघाली. तुरू तुरू तुरू.

"मावशी, मावशी, बघ ना. फवारा उडेना, मोगरा बोलेना, टिपीला घर मिळेना."

मावशी म्हणाली, "डोळे फाडून बघू? चष्मा निघू दे, मग बघीन."

टिपी निघाली. तुरू तुरू तुरू. चष्मा होता खुर्चीवर. वर होता बोका. लठ्ठ गबाजी बोका.

"चष्म्या, चष्म्या, निघ ना. मावशी बघेना, फवारा उडेना, मोगरा बोलेना, टिपीला घर मिळेना."

चष्मा खालून म्हणाला, "निघू कसा? बोका उठू दे, मग निघेन."

टिपी खुर्चीवर चढली. तुरू तुरू तुरू.

"बोकोबा, बोकोबा, उठा ना. चष्मा निघेना, मावशी बघेना, फवारा उडेना, मोगरा बोलेना, टिपीला घर मिळेना."

गबाजी म्हणाला, "आत्ताच तर टेकलो."

आत्ताच? सकाळपासून घोरत होता!

मग टिपीनं काय केलं? खुर्चीच्या पाठीवर गेली. एक धागा सोडला. धाग्याला लोंबली. गबाजीच्या नाकाशी आली. झुलली. गुदू गुदू. गुदू गुदू.

आ... आ... आक्छी!

बोका उठला. चष्मा निघाला. मावशीनं चष्मा लावला, पान उलटं केलं, पानाचं पोट बघितलं.

अगं बाई! पानाखाली तांबडे तांबडे ठिपके. बारीक बारीक. आणि चालतायत की!

फवारा उडाला. फुस्स फुस्स फुस्स! ठिपके गेले वाहून. जाळं गेलं वाहून.

मोगऱ्याची खाज थांबली. मोगरा बोलला.

"टिपी खरी. ते जाळं त्या ठिपक्यांचं, तांबड्या कोळ्यांचं. ते माझा रस प्यायले, वर जाळं विणून बसले."

मावशीनं कुंचा ठेवला दाराआड. खिडकीचा कोपरा टिपीला दिला. कायमचा. टिपीनं घर विणलं. छान, गोल. पहिल्यापेक्षा मोठं.

मावशी आता रोज पानं उलटून बघते. रोज फुस्स फुस्स करते.

पण "माझं चुकलं" म्हणाली का मावशी? छे! ती म्हणाली, मला दिसलं असतं की. चष्म्यावर लोळत कोण होतं?

गबाजी.