सुटलेली वीण

फार पूर्वी एका रानात सगळ्यांचं धान्य सुगरणीने विणलेल्या एकाच कणगीत असे. एकदा चिचुंद्रीला कणगीच्या तळाशी वीण सुटलेली दिसली.

"सुगरणताई, तेवढा टाका घाला. कुणी आत शिरेल."

"माझ्या विणीला नावं ठेवतेस? आधी स्वतःचा वास बघ!"

आठ दिवसांत कणगी रिकामी झाली. कोतवाल कोल्हा माग काढत नदीपर्यंत गेला आणि परतला. "पलीकडे दुसऱ्या राजाचं रान. तिथे माझं चालत नाही. पण भोक कुणाला ठाऊक होतं?"

"मीच तर सांगितलं होतं," चिचुंद्री म्हणाली.

"म्हणजे तुलाच ठाऊक होतं."

तिला रानाबाहेर काढलं. पिल्लांची रांग शेपटीला धरून चालली होती. वाटेत सुगरणीची नवी कणगी लागली. तीच वीण सुटलेली.

एका पिल्लाने शेपूट सोडून विचारलं, "आई, सांगायचं ना?"

"शेपूट धर," ती म्हणाली, "आणि चल."