मळलेला कोट

चुनखडीच्या खाणीशेजारी वसलेल्या एका गावात तुळशीराम नावाचा एक गृहस्थ राहत होता. त्याच्याकडे एक काळी गाडी होती. तिच्यावर त्याचा मुलीइतकाच जीव होता, निदान तो तसं सांगत असे.

दोन वर्षांपूर्वी त्याने तालुक्याच्या गावच्या अन्वरभाई या कारागिराकडून गाडीला सिरॅमिक कोटिंग करून घेतलं. रंगावर काचेसारखा पातळ थर बसला. पाणी टाकलं की थेंब गोल होऊन घरंगळत. पंधरा दिवसांनी शाम्पूने धुवा, सावलीत धुवा, अंगावर पाणी वाळू देऊ नका, असं अन्वरभाईंनी बजावलं होतं. तुळशीरामाने मान डोलावली आणि घरी येऊन सगळं विसरला. गावभर मात्र सांगत सुटला, की आपल्या गाडीने कोट घातलाय, आता तिला काही होत नाही.

मग काय, धुणं बंदच झालं. फारच धूळ बसली तर तो बोअरच्या पाण्याचा फवारा मारायचा आणि गाडी उन्हात सोडून द्यायचा. खाणीची धूळ आणि पाण्यातले क्षार थरावर थर चढत गेले. काळी गाडी राखाडी दिसू लागली. तुळशीराम पारावर बसून म्हणायचा, कोटिंग म्हणजे नुसती फसवणूक.

अशात मुलीचं, प्रणिताचं, लग्न ठरलं. सासरी जाईन तर आपल्याच गाडीतून, असा तिने हट्ट धरला. लग्न तीन दिवसांवर आलं, तेव्हा तुळशीरामाने गाडीकडे नीट पाहिलं आणि किल्ली उचलली. तो थेट अन्वरभाईंकडे गेला.

अन्वरभाईंनी बॉनेटवरून बोट फिरवलं. "अण्णा, धुता किती दिवसांनी?"

खरं सांगावं तर पारावरची सगळी बडबड अंगाशी येणार होती. "दर पंधरा दिवसांनी. तुम्ही सांगितलं तस्संच."

अन्वरभाईंचा चेहरा उतरला. "एवढं करूनही ही दशा, म्हणजे माझ्याच कामात खोट राहिली. सगळं घासून काढून नव्याने करून देतो. पण आठ दिवस लागतील."

तुळशीरामाच्या डोळ्यांपुढे दारात गाडीची वाट पाहत उभी असलेली प्रणिता आली. आणि हा भला माणूस न केलेली चूक अंगावर घेत होता. त्याला स्वतःची लाज वाटली.

"भाई, खोटं बोललो. दोन वर्षांत एकदाही शाम्पू लावला नाही. वर गावात तुमचंच नाव खराब केलं."

अन्वरभाईंनी मोठा सुस्कारा सोडला आणि ते हसले. "जीव भांड्यात पडला बघा. अण्णा, कोट फाटलेला नाही, मळलाय. कोट घातला तरी तो धुवावा लागतोच की."

त्यांनी गाडी सावलीत घेतली. शाम्पूने धूळ उतरवली, क्षार विरघळवणाऱ्या औषधाने पांढरे डाग काढले, मऊ फडक्याने अंग कोरडं केलं. मग एक ओंजळ पाणी टाकलं. थेंब गोल झाले आणि घरंगळून गेले. तुळशीराम लहान मुलासारखा हसला. परतताना तो आधी पारावर थांबला आणि चूक आपलीच होती हे सगळ्यांना सांगून मगच घरी गेला.

पाठवणीच्या वेळी बायकांनी चाकांवर पाणी घातलं. शिंतोडे काळ्याभोर दारावर उडाले आणि तिथे न थांबता खाली उतरले. रडता रडता प्रणिताला त्या दारात आपला चेहरा दिसला आणि ती हसली.

तात्पर्य: कवच मिळालं तरी निगा सुटत नाही; आणि ती राखली नसेल, तर तसं कबूल करण्यापासूनच दुरुस्ती सुरू होते.