सुईघरातली कोरी पाटी

फार पूर्वीची, उत्तरेच्या एका धुक्याच्या बंदरातली ही गोष्ट. ती घडताना सांगणारी तिथे नव्हती. आणि ज्या वाऱ्याची ही गोष्ट आहे, तो तर कोणाच्याच डोळ्यांना दिसलेला नाही. दिसली ती फक्त सुई.

बंदराच्या टेकडीवर सुईघर होते. तिथे रेशमी दोऱ्याला हातभर लांब चुंबकसुई टांगलेली असे. खऱ्या उत्तरेपासून ती किती अंश ढळली आहे, हे राखणदार रोज सकाळी दारातल्या पाटीवर लिही. आपापल्या होकायंत्रात तो अंश धरूनच तांडेल नावा हाकत, कारण बंदराच्या तोंडाशी दोन खडक होते आणि त्यांच्यामधून जेमतेम एक वाट.

सुई थरथरली, तर दोष राखणदाराचा, असा तिथला रिवाज होता. त्याने अंगावर लोखंड बाळगले असणार! चाव्या उतरवून, खिसे झटकून पुन्हा वाचायचे. तरीही थरथरली, तर कालचाच अंश लिहायचा. त्यामुळे वहीत सुई चाळीस वर्षे अगदी शहाण्यासारखी वागली होती.

ती चाळीस वर्षे वही लिहिणारा राखणदार वारला आणि त्याची मुलगी राखणदारीण झाली. वहीतले ते शहाणपण तिला पटेना. तिने नव्या वहीत दोन रकाने आखले, ‘दिसले ते’ आणि ‘का’. धुके विरळ असले की खिडकीच्या फळीतल्या बारीक छिद्रातून भिंतीवर सूर्याचे बिंब पडे. त्या बिंबावरचे काळे डागही ती टिपू लागली. दोन वर्षांत एक गोष्ट वारंवार दिसली. डागांचा मोठा पुंजका बिंबाच्या मध्यावर आला, की बहुधा दोन-तीन दिवसांनी सुई थरथरे.

‘प्रकाश तर लगेच पोचतो,’ तिने ताडले. ‘हे उशिरा पोचते. म्हणजे सूर्याकडून आणखी काहीतरी निघते आणि ते वाट चालत येते.’

मासेमारीचा हंगाम सुरू व्हायच्या सकाळी चाळीस नावा सज्ज होत्या. धुके दाट होते, आणि सुई पाच-पाच अंश झोके घेत होती. पुंजका मध्यावर येऊन दोन दिवस झाले होते. तिने पाटी कोरी ठेवली.

बंदरप्रमुख टेकडी चढून आला. “केसांतल्या पिना काढल्यास का, बाई?”

“पिना लाकडी आहेत, साहेब.”

“मग कालचा अंश लिही. तुझ्या वडिलांनी कधी नावा अडवल्या नाहीत. की चाळीस वर्षं ते खोटं लिहीत होते?”

हा घाव वर्मी बसला. तिच्या हातात खडू होता. बापाची अब्रू राखायला एक आकडा पुरला असता.

“आज अंश मला माहीत नाही,” ती म्हणाली. “नाही ते कसं लिहू?”

प्रमुखाने खडू हिसकावून कालचा अंश स्वतः लिहिला. “पहिली नाव माझी. आणि उद्यापासून राखणदार दुसरा.”

ती खाली धक्क्यावर आली, तेव्हा एका म्हाताऱ्या तांडेलाने तिला विचारले, “पोरी, तू गेली असतीस का?”

“नाही, काका.”

त्याने दोर पुन्हा खुंट्याला बांधला. त्याचे पाहून इतरांनीही बांधले. प्रमुखाची नाव एकटीच निघाली.

दुपारी प्रमुखाची माणसे फळ्यांना धरून किनाऱ्याला लागली. नाव खडकावर आपटून फुटली होती. सर्वांत शेवटी प्रमुख आला, एकाच पायात जोडा. संध्याकाळी धुके हटले आणि उत्तरेच्या आभाळात हिरव्या उजेडाचे पडदे हलू लागले. तिसऱ्या दिवशी सुई स्थिरावली, पाटीवर अंश उमटला आणि एकोणचाळीस नावा सुखरूप बाहेर पडल्या. दुसऱ्या राखणदाराचा विषय पुन्हा निघाला नाही.

मग तिने बापाच्या वह्या उजेडात धरल्या. काही आकड्यांशेजारी टाचणीची बारीक छिद्रे होती. पुष्कळ छिद्रांमध्ये सत्तावीस दिवसांचे अंतर होते. तेवढ्याच दिवसांत सूर्यावरचा डाग फिरून पुन्हा समोर येतो. बापाला सुई थरथरलेली दिसली होती. ती थरथर त्याने टोचून ठेवली होती, सांगितली मात्र नव्हती.

तात्पर्य एवढेच: जिथे उत्तर ठाऊक नाही, तिथे कालचे उत्तर भरू नये. कोरी जागा पाहून माणूस थांबतो. खोटा आकडा पाहून तो निघतो.

उरलेले पुढच्या अभ्यासकांनी शोधले. ग्रहणात सूर्याभोवती दिसणारा पांढरा मुकुट इतका तापलेला असतो, की सूर्यालाही तो धरून ठेवता येत नाही. विद्युतभारित कणांचा वारा होऊन तो अखंड वाहत राहतो. पृथ्वीचे चुंबकीय कवच त्याला अडवते, पण डागांच्या पुंजक्याजवळून सुटलेल्या जोराच्या झोताने कवच हादरते, सुई थरथरते आणि उत्तरेच्या आभाळात ते हिरवे पडदे हलू लागतात. मात्र सूर्याच्या पृष्ठभागाहून त्याचा मुकुट शेकडो पटींनी तापतो कसा, याचे पुरते उत्तर अजून कोणाजवळ नाही. ‘का’च्या रकान्यात ती ओळ आजही कोरी आहे.