ठकूचा एकर

खैरगावच्या ओढ्याकाठी एक वाटोळे शेत आहे. त्याला 'ठकूचा एकर' म्हणतात. साहेबाच्या मुलुखातही बैलजोडीने दिवसभरात नांगरावी तेवढी जमीन म्हणजे एकर, असे सांगतात. आमचे गुरवकाका मात्र आल्यागेल्याला ठासून सांगतात, की साहेबाने हे माप इथूनच उचलले. त्यांच्याशी वाद घालू नये.

फार पूर्वी, म्हणे, खेत्रोजी पाटलाने राणू नावाच्या गड्याला भर पंचायतीत शब्द दिला. उगवतीपासून मावळतीपर्यंत नांगरशील तेवढी जमीन तुझी. नांगर मध्ये थांबला, तर काहीच नाही.

राणूने ओढ्याकाठची काळी जमीन धरली. बाहेरून मोठे रिंगण घालून तो आत आत येत राहिला. दुपारपर्यंत पाटलाची सगळ्यात चांगली जमीन जाताना दिसू लागली. तेव्हा पाटलाने धाकट्या भावाला कुऱ्हाड घेऊन पाठवले. एका घावात राणूची मान लोंबली. बाईमाणूस नांगराला शिवत नाही, तेव्हा विषय संपला, असा पाटलाचा हिशेब.

राणूची बायको ठकू भाकरी घेऊन आली होती. बैल अजून चालतच होते. तिने धावत जाऊन नांगराचे रुमणे धरले. भावाने दुसरा घाव घातला, त्यात तिची दोन बोटे गेली. तिने बिथरलेली जोडी तशीच त्याच्या अंगावर वळवली. शिंगाने त्याचे पोट फाटले. नांगर थांबला नाही.

मग पाटील स्वतः आला आणि नांगराच्या वाटेत आडवा झाला. म्हणाला, "ठकू, बैल माणसावर पाय देत नाही."

"नाही देत, मालक," ती म्हणाली.

बैलांनी पाय उचलून उचलून त्याला अलगद ओलांडले. मागून फाळ आला.

ती मावळतीलाच थांबली. जमीन तिची झाली.

आजही अक्षय्य तृतीयेला त्या शेतात गावातली सर्वांत नवी सून नांगर धरते. पाटलांच्या घरातला कर्ता पुरुष वाटेत आडवा होतो. सुनेने त्याच्यापाशी बैल उभे करायचे, की गूळ वाटतात. थांबायलाच हवे का, असे मी सहज विचारले. गुरवकाका म्हणाले, "ते सुनेच्या मनावर."

यंदा नांगर माझ्या हाती आहे आणि आडवे होणार आहेत आमचे मामंजी. हल्ली ते मला 'अहो सूनबाई' म्हणतात.