म्हसखडपावरचा शंख

फार वर्षांपूर्वीची, शिडाच्या होड्यांच्या काळातली ही गोष्ट. आमच्या बंदरात गोमाजी नावाचा तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, होता. त्याने शंख फुंकला की आवाज दोन खाड्या ओलांडून जायचा, असं म्हणतात. तेव्हा दर्यावर एक रीत होती. पुढच्या होडीला धोका दिसला की तिने शंख फुंकायचा, आणि मागच्या होडीने उलट फुंकून 'ऐकलं' म्हणून कळवायचं.

ही रीत सगळीकडे पाळली जायची, फक्त म्हसखडपापाशी नाही. हा खडक भरतीला पाण्याखाली जातो, आणि त्याच्या कपारीत घोळ मासा खच्चून भरलेला असतो. शंख फुंकला तर ती जागा परक्यांना कळणार. म्हणून तिथे सगळे तोंड शिवून बसायचे. आमचेच वाडवडील ते, पण सांगताना लाज वाटते.

शिमग्याचे दिवस होते. ऐन भरतीला गोमाजीने खडपाशेजारी जाळं टाकलं होतं. तेवढ्यात पलीकडच्या तीरावरून एक शीड थेट खडपाच्या रोखाने येताना दिसलं. गोमाजीने शंख उचलला, तसा होडीतला त्याचा साडू म्हणाला, "नको वाजवू. उद्या सगल्यांच्या होऱ्या हिकरंच येतील."

गोमाजीने शंख खाली ठेवला. वळेल ती होडी आपसूक, असं त्याला वाटलं. होडी वळली नाही. ती फुटली तेव्हा पाण्यावर एक हिरवं लुगडं पसरलं, आणि ते त्यानेच लेकीला घेतलेलं होतं. हिरू शिमग्याला माहेरी यायला निघाली होती. त्या होडीतलं कोणीच वाचलं नाही.

गोमाजी पुन्हा किनाऱ्यावर उतरला नाही. खडपाशी होडी नांगरून तो दिसेल त्या शिडासाठी शंख फुंकत राहिला. ओठ फाटले, शंख आतून लाल झाला, असं म्हणतात. बायको भात घेऊन आली आणि घरी चला म्हणून रडली. तो एवढंच म्हणाला, "येनाऱ्या होरीत कोन हाय, ते आपल्याला काय ठावं?"

पुढे एका वादळात त्याची होडी नाहीशी झाली. तरी वादळ शमेपर्यंत शंख वाजत होता, आणि बंदरातली एकही होडी खडपावर गेली नाही, असं म्हणतात.

आता होड्यांवर वायरलेस आहे. पण म्हसखडपाशी आजही कोणी जाळं टाकत नाही. तिथून जाताना प्रत्येक तांडेल गोमाजीचं नाव घेऊन मागच्या होडीला 'पुढे खडप आहे' म्हणून सांगतो, मग ती आपली असो की परकी. मागून 'ऐकलं' असं उत्तर आलं नाही, तर तो होडी उलटी फिरवतो आणि स्वतः जाऊन सांगून येतो.