फिरत्या महालातली उणीव

भिवपूरच्या रणोजीराजांना फिरण्याची भारी हौस. वडगावच्या नदीवर पूल बांधायला ठेवलेल्या पैशांतले निम्मे त्यांनी उचलले आणि सोळा बैलांनी ओढायचा चाकांवरचा महाल बांधून घेतला. आत पलंग, न्हाणीघर, मुदपाकखाना, सगळं होतं. राजे इतके खूश झाले, की उरलेल्या पैशांत राणीसाहेबांसाठी दुसरा महाल बांधायला निघाले. कारभारी चुळबुळले, तसे राजे गरजले, "यात एक तरी उणीव दाखवा, मग खुशाल पूल बांधा!"

कारभाऱ्यांनी खिळान्‌खिळा तपासला. उणीव सापडेना.

राजांची म्हाळसाआत्या तेवढी हसली. "राजे, आधी मला यातून वडगावला न्या. मग सांगते."

महाल वडगावच्या वेशीवर थांबला. एरवी राजे घोड्यावरून आले की पाटलीण गूळपाणी घेऊन धावायची, पारावर गप्पा रंगायच्या. आज लोक लांबूनच मुजरा करून आपापल्या घरी परतले. महालात आत्या-भाचे दोघंच जेवायला बसले.

"या गावाला झालंय काय?" राजे चिडले. "कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही!"

"कशाला विचारतील? पाणी, पलंग, चूल, सगळं तुम्ही घेऊनच आलात," आत्या म्हणाली. "हीच ती उणीव, राजे. यातून हिंडणाऱ्याला 'या, बसा' म्हणणारं कुणी उरत नाही."

राजे ताटावरून उठले, खाली उतरले आणि चालत पाटलाच्या दारात गेले.

"पाटलीणबाई, गूळपाणी मिळेल का? आणि पूल कुठे हवा, तेही दाखवा."